विश्रांतीची वेलांटी

जुन्या गोव्याला निघालेल्या बसमधून
मी रायबंदरलाच उतरले.
बाकीची मंडळी पुढे गेली मोठ्या चर्चांकडे.
मला म्हणाली, साडेबाराला इथेच, या सोड्याच्या दुकानापाशी.
गुडघ्याचं निमित्त होतं. खरं कारण
उन्हात दिसलेला एक पांढरा दरवाजा
आणि त्यावरची, मला न वाचता येणारी, गोलगोल लिपी.
खाली बारीक इंग्रजीत ऑर्थोडॉक्स. तेवढं लागलं.

चपला बाहेर काढायच्या होत्या.
हे आवडलं.
आत बाकं थोडी, चटया जास्त,
पूर्वेला लाल मखमली पडदा ओढलेला
आणि समई, टोकावर हंसाच्या जागी क्रूस.
रविवारचा धूप
अजून गेला नव्हता, की कुणी जाऊ दिला नव्हता.
पडद्यामागे काय, मी विचारलं नाही.
छापखान्यात आयुष्य घालवलेल्या बाईला कळतं,
काही पानं कोरीच ठेवायची असतात.

हो, मी प्रुफं तपासायची. साताऱ्यात.
पंचांगं, लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल,
आणि दहाव्याची कार्डं,
रात्री यायची, सकाळी सातला हवी असायची.
त्यात एकदा मी एका जिवंत भावाला
कैलासवासी होऊ दिलं.
तो स्वतः आला छापखान्यात, हसत.
त्याचं हसणं मला अजून तपासता येत नाही.

मागे दफनभूमी. उतार. खाली मांडवी,
तिच्यात खनिजाचा एक बार्ज
इतका सावकाश, की वाटावं चोडणचा काठच सरकतोय.
जांभ्याच्या गडग्यापाशी सोसाम्मा बसलेली,
दात घासायच्या ब्रशने
दगडावरच्या अक्षरांतली माती काढत.
आतून बाहेर, जखम पुसतात तशी.
पूर्वी नर्स होती. कोट्टयमहून आली
ती इथल्या इस्पितळात, मग राहिली.
आता पेन्शन आणि हे.

पोर्तुगीज दगड. मल्याळी दगड.
एकावर नुसतं नाव आणि अकरा दिवस.
कोपऱ्यातला एक आडवा, तडकलेला,
त्यापाशी तिने मला बोलावलं.
"तुमकां हें वाचूंक येता?"

देवनागरी होती.
मार्सेलीन, १९५१.
खाली, निराळ्या छिन्नीनं, पुल्केरिया, १९७४.
त्याच्या नावाखाली कोरलं होतं, विश्रांति.
तिच्या नावाखाली, विश्रांती.

माझा हात पर्समधल्या पेन्सिलीकडे गेला.
एकाच मजकुरात दोन रूपं! गोल करायचा,
समासात प्रश्नचिन्ह.
सोसाम्मा म्हणाली, तिला वाचता येत नाही, पण
ब्रशला कळतं:
एकात काना अक्षराच्या अलीकडे, एकात पलीकडे.
"खंयचें चुकलां?"

आता हिला काय सांगू?
की मधे, बासष्ट साली, नियम बदलला,
शब्दाच्या शेवटची विश्रांती
आधी ऱ्हस्व होती, मग दीर्घ झाली.
की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन उभी राहते
आणि दुसरी मागे उरते,
तेवीस वर्षं.

"एकही नाही," मी म्हटलं.
"दोन्ही बरोबर आहेत."

मग म्हणतात कसं, तिने विचारलं.
मी दोन्ही म्हणून दाखवले.
तोंडात फरक उरत नाही, हे मला
चाळीस वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं.
तिने ओठ हलवून पाहिले आणि म्हणाली,
विश्रान्दि.

ही तिसरी. हिला कुठलाच नियम नाही.
मी दुरुस्त केली नाही.

सोड्याच्या दुकानापाशी मंडळी उन्हात उभी.
पाऊण तास झाला, म्हणाली.
छत किती उंच होतं, हात वर करकरून सांगत होती.
माझ्या नखांत लाल माती होती.
मी लिंबूसोडा मागितला. मीठ जास्त.